तू वाढवून दिलेला भाव

दादा, तुझ्या रेल्वेच्या शेडमधले लोक काल घरी आले होते. वाचनालयाच्या हस्तलिखित अंकात तुझ्यावर चार ओळी हव्यात, म्हणाले. वहिनीला काही सुचेना, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहिणीनेच लिहिलेलं बरं, असं ठरलं. रविवारच्या शोकसभेत ते काय काय बोलले ते मी मागच्या बाकावर बसून ऐकलं होतं. मधूच्या हाताला लोखंड वश होतं. मधूने हात लावला आणि इंजिन हललं नाही असं कधी झालं नाही. मधूने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही. हे शेवटचं ऐकल्यावर मी उठून बाहेर गेले.

त्यांच्यासाठी मी वेगळं, गुळमुळीत काहीतरी लिहून देईन. हे तुझ्यासाठी आहे. तुला जाऊन सोळा दिवस झाले आणि माझा राग जिथल्या तिथे आहे. उलट वाढलाच आहे, कारण आता तो काढायला समोर कुणी नाही.

गाडीचंच बोलणार आहे मी, तुला कळलंच असेल. आपल्या दोघांत सहा वर्षं दुसरं काही बोलणं झालंय का?

इंग्रज गेले त्या वर्षी विठ्ठलवाडीच्या बाजूच्या मिलिटरी कॅम्पातल्या एका कॅप्टनने ती आपल्या नानांना जवळजवळ फुकटात दिली. नानांनी त्याच्या बायकोचा विषमज्वर निभावून नेला होता, आणि बोट सुटायला आठवडा उरला होता. गर्द हिरवी, दोनच सीटांची, जमिनीला टेकलेली गाडी. तारांची चाकं, पुढे आडवी पाडता येणारी काच, बॉनेटवर चामड्याचा पट्टा. अख्खं कल्याण हसलं. डॉक्टर आता पेशंट तपासणार की शर्यतीत धावणार, असं लोक दवाखान्यात येऊन विचारायचे. नाना व्हिजिटला सायकलवरच जात राहिले. गाडी फक्त रविवारी निघायची, तीही आपल्या दोघांसाठी. आई आपल्याला फारशी आठवतही नाही. नानांना जी काही हौस करायची होती ती त्यांनी त्या गाडीत बसवून केली.

मुरबाडच्या रस्त्यावर तू मला ती चालवायला शिकवलीस. मी सोळा वर्षांची. समोरून बैलगाडी आली की तू म्हणायचास, घाबरू नकोस, घाबरायचं तर बैलांनी. क्लच सोडताना श्वास सोड, असं तू सांगितलंस आणि मला ते जमलं. आजही दवाखान्यात कुणाची जखम धुताना मी हात लावण्याआधी श्वास सोडते. ते तुझं देणं आहे. नाकारत नाही.

नाना गेले तेव्हा आपण दोघंच त्यांच्या उशाशी होतो. घर तुला, गाडी कुमुदच्या कॉलेजला, इतकं ते स्वच्छ बोलले. गिऱ्हाईकही त्यांनीच पाहून ठेवलं होतं. ठाण्याच्या एका कारखान्याचे मॅनेजर, जुन्या विलायती गाड्यांचे वेडे. ते येऊन गाडी बघून गेले. किंमत अशी बोलले की मेडिकल कॉलेजची पाच वर्षं आणि होस्टेल, दोन्हींची चिंता मिटावी. जाताना त्यांनी तुला मुद्दाम बाजूला घेऊन सांगितलं, "जशी आहे तशीच घेईन. काही करू नका. धुवूसुद्धा नका."

तू ते घरात येऊन मला नकलेसकट सांगितलंस आणि हसत सुटलास. धुवूसुद्धा नका! म्हणजे केवढा लबाड माणूस, आपल्याला भाव वाढवू द्यायचा नाही म्हणून असं बोलतो. बैल विकायला नेताना लोक शिंगं रंगवतात, भांडी मोडीत घालायच्या आधी घासून नेतात, आणि हा म्हणतो धुवू नका. मीही हसले, दादा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो माणूस खरं बोलत असेल असं आपल्या दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

ते मॅनेजर साहेब चार महिने बाहेरगावी जाणार होते आणि माझी इंटरची परीक्षा जवळ आली होती. अभ्यासाला शांतता हवी म्हणून मी डोंबिवलीला मामांकडे राहायला गेले. पेपरच्या दिवसांत तू रोज येत होतास. केंद्राबाहेर थर्मासमध्ये चहा घेऊन उन्हात उभा राहायचास, आणि नखांत काळं वंगण. शेडमधलं काम असेल असं मला वाटायचं. तू नुसता गालातल्या गालात हसायचास. एकदा म्हणालास, तू पेपर लिही, भावाचं मी बघतो.

रिझल्ट लागला, कॉलेजचं पत्र आलं, आणि मी घरी परतले ती साहेब येण्याच्या आदल्या दिवशी. मागच्या अंगणात तू ताडपत्री ओढलीस. हिरवा रंग गेला होता. गाडी सायीच्या रंगाची झाली होती आणि दोन्ही अंगांनी तांबडे पट्टे. वर पत्र्याचं कायमचं छप्पर. पाडता येणारी काच जाऊन तिथे उंच, जाड काच. तारांच्या चाकांच्या जागी मिलिटरीच्या डिस्पोजलच्या लिलावातली जीपची चाकं. मागचा भाग कापून, उंच करून एक लाल रेक्झिनची सीट. बॉनेटवरच्या फटी पत्रा मारून बंद, कारण धूळ जाते. आत दोन नाजूक कार्बोरेटर होते, त्यांच्या जागी ट्रकचा एकच मोठा. दोन्हींचं जुळवण्यात वेळ जातो, एक बसवला की भानगड मिटली. आणि चार सुरांचा हॉर्न. शेडमध्ये आलेलं इंजिन जसं तुम्ही धडधाकट करून बाहेर काढता, तसंच तू हिचं केलं होतंस. जे नाजूक ते काढायचं, जे उणं ते जोडायचं. तुम्हा लोकांना दुसरं कुणी काही शिकवलंच नव्हतं.

"बघ कुमे," तू म्हणालास, "कॉलेज तर झालंच. वर तुला घड्याळपण घेऊ."

आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मलाही ती आवडली. मी मागच्या उंच सीटवर बसून हॉर्न वाजवला. खोटं लिहायचं असतं तर शेडवाल्यांसाठी लिहिलं असतं.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी गाडीभोवती एकच फेरी मारली. बॉनेट उचललं, पाहिलं आणि इतक्या हलक्या हाताने खाली ठेवलं की मला तेव्हाच कळलं. दोन कार्बोरेटर कुठे आहेत, इतकंच त्यांनी विचारलं. तू उत्साहाने सांगत सुटलास. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही फार मेहनत केलीत. पण मला ती गाडी हवी होती. ही तुमची आहे."

तू त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेलास. भाव उतरवलास. आणखी उतरवलास. शेवटी त्यांना आपली दया आली असावी. मूळचे सगळे भाग, एक न एक, परत मिळवलेत तर बघू, असं ते म्हणाले. मग आपण शोधायला लागलो. कार्बोरेटर तू मुंबईच्या जुन्या बाजारात विकून टाकले होतेस, त्यातूनच तर छप्पर आणि हॉर्न आले होते. मागचा कापलेला पत्रा ठोकून छपरात गेला होता. विलायतेहून सुटे भाग येणं बंद झालेलं. आणि चाकं? ती तू बाजारातल्या पेरूवाल्याला दिली होतीस. त्याने आपल्या हातगाडीला बसवून घेतली, सायकलचीच तर चाकं ती, असं म्हणून. एक आधीच वाकलं होतं. सहा वर्षं मी बाजारात जाते आणि विलायती चाकांवर पेरू फिरताना बघते. त्या गाडीवरचा पेरू मी एकदाही घेतला नाही.

त्या महिन्यात आणखी लोक आले. ज्याला वेगाची हौस होती त्याने ट्रकचा कार्बोरेटर पाहिला आणि निघाला. ज्याला घरच्यांना घेऊन फिरायचं होतं तो म्हणाला, पुढे दोन आणि मागे देवळातल्या मूर्तींसारखी दोन माणसं, पोरांना बसवू कुठे? एकाला रंग नको होता, एकाला छप्पर नको होतं. सगळ्यांनी एकेक गोष्ट काढून टाकायचा खर्च किमतीतून वजा केला. तू जोडलेल्या एकाही गोष्टीचा दाम कुणी वर धरला नाही. हौसेने गाडी घेणाऱ्याला दुसऱ्याची हौस नको असते, हे तुला तेव्हा कळायला हवं होतं. तू मात्र प्रत्येक गिऱ्हाईक गेल्यावर एकच म्हणायचास की यांना अक्कल नाही.

फी भरायची शेवटची तारीख उलटली त्या दिवशी तू दुपारी जेवलास. मी वाढत होते आणि बघत होते. दोनदा भात घेतलास. घर गहाण ठेवतो, असं तू एकदा पुटपुटलास, पण ते मनापासूनचं नव्हतं आणि मी तो विषय उचलला नाही. मला घर नको होतं. तू मान वर करून "कुमे, माझं चुकलं" म्हणावंस एवढंच हवं होतं. तू ताक मागितलंस.

नानांचा दवाखाना ज्या डॉक्टरांनी चालवायला घेतला त्यांनी मला कंपाउंडर म्हणून ठेवलं. ज्या खोलीत नाना खुर्चीवर बसायचे तिथे मी आता घातलेल्या लाकडी आडोशाच्या अलीकडे उभी असते. मिक्स्चरच्या बाटल्यांवर डोसाच्या खुणांच्या कागदी पट्ट्या चिकटवते. पेशंट मला आधी लक्षणं सांगतात, मी मनात रोग ओळखते, आणि मग त्यांना आत पाठवते. बहुतेक वेळा माझं बरोबर निघतं. ते कुणाला सांगायची सोय नाही.

मग मी सूड घ्यायला लागले. तुला वाटलं असेल बाईमाणूस आहे, रडेल आणि विसरेल. मी त्या गाडीत परत कधी बसले नाही. तू ती वरातींना द्यायला लागलास आणि मागची ती उंच सीट नवरानवरीला फारच शोभली. टिटवाळ्यापर्यंत तुझं नाव झालं. बघ, मागणी आहे की नाही, असं तू मला ऐकवायचास. मी म्हणायचे, मागणी भाड्याला आहे, विकत घ्यायला कुणी आलं तर सांग. तुझ्या स्वतःच्या लग्नात करवली म्हणून मी तुमच्याजवळ बसायला हवं होतं. मी करा हातात धरून गाडीच्या मागे चालत आले, शालू नेसून, भर बाजारातून. लोक बघत होते. तू दोनदा मागे वळून पाहिलंस. मला फार समाधान झालं त्या दिवशी.

आणि भाऊबीज. दरवर्षी ओवाळून झालं की तू विचारायचास, काय हवं? आणि मी दरवर्षी म्हणायचे, दोन कार्बोरेटर. पहिल्या वर्षी तू हसलास. दुसऱ्या वर्षी हसला नाहीस. पुढे विचारणंच सोडलंस, मग मी न विचारता सांगायला लागले. वहिनी बिचारी समजत होती की ही काहीतरी तुम्हा भावंडांची जुनी थट्टा आहे.

गेल्या भाऊबीजेला तू तबकात कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलंस. जड होतं. उघडलं तर कार्बोरेटर. गंजलेला, पण घासूनपुसून ठेवलेला, वरच्या पितळी झाकणावर आपल्याच गाडीची खूण. वहिनीने नंतर सांगितलं, चार महिने दर सुट्टीला तू मुंबईच्या जुन्या बाजारात जात होतास. तू माझ्याकडे बघत होतास, दादा. तसं तू माझ्याकडे केंद्राबाहेर थर्मास घेऊन बघायचास.

मी म्हणाले, "एकच? दोन होते."

तू पाटावरून उठलास, पोरीला कडेवर घेतलंस आणि अंगणात गेलास. तुला वाटतं मला वाईट वाटलं? वाटलं. पण त्याहून जास्त हे वाटलं की लोखंडाचा तुकडा देऊन तू सुटतो आहेस. तोंड उघडून दोन शब्द बोलायला तुला काय झालं होतं? चार महिने बाजार पालथा घालणं तुला सोपं गेलं आणि ते दोन शब्द जड गेले. पुरुषांना हे एक बरं जमतं, असं काहीतरी करून ठेवायचं आणि समोरच्याने समजून घ्यायचं.

नंतर चैत्रात तुझे डोळे पिवळे दिसले. मीच पहिल्यांदा पाहिलं. नुसती कावीळ नाही, असं मला वाटलं, तुझा ताप वेगळा होता आणि तू बोलता बोलता मध्येच हरवत होतास. ठाण्याला मोठ्या हॉस्पिटलात चल, आजच्या आज चल, असं मी दोन दिवस तुझ्या मागे लागले. तुझं टिटवाळ्याच्या पुढे जाऊन कावीळ उतरवून आणायचं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी मी टांगा घेऊनच आले, तेव्हा तू वैतागून बोललास.

"तू काय डॉक्टर आहेस?"

वहिनी तिथेच होती, तिला काही कळलं नाही. तुला कळलं. तुझा चेहरा मी पाहिला. तेव्हासुद्धा म्हणता आलं असतं तुला. टांगेवाला बाहेर खोळंबला होता, मी त्याला परत पाठवला. हे पाप माझं. तुझ्या त्या वाक्यानंतर मी तुला ओढून न्यायला हवं होतं आणि मी नेलं नाही, कारण मला अपमान मोठा वाटला. मी डॉक्टर असते तर तुझं काही ऐकलं नसतं. हॉस्पिटलात नेऊन तू वाचला असतास का, मला माहीत नाही. तू माझी पाच वर्षं कापून छपराला लावलीस, त्याचं जे व्हायचं ते झालं. असं मी स्वतःला सांगते आणि मग मला झोप येत नाही.

आता दहाव्याचं सांगते, कारण ते फक्त मला माहीत आहे.

खाडीवर बायका जात नाहीत, पण पोर लहान आणि सख्खं दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी गेले. गुरुजींनी कुरकुर केली, मी ऐकलं नाही. आपल्या चुलतभावाने, श्रीधरने, पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. कावळे होते. पाच-सहा तरी होते, होडीच्या काठावर बसलेले. एकही खाली येईना. श्रीधर म्हणाला, पोरीच्या शिक्षणाचं मी बघेन. नाही आले. तुझा शेडमधला सोबती म्हणाला, वहिनींना एकटं पडू देणार नाही. नाही आले. वहिनीने घरून निघताना मला सांगितलं होतं, "वन्सं, त्यांना गाडीचं सांगा. त्यातच जीव होता." मी पुढे होऊन मोठ्याने म्हटलं, गाडी विकणार नाही, मोडणार नाही. एक कावळा उडाला आणि दुसऱ्या होडीवर जाऊन बसला.

ऊन वर आलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मला कळलं तू कशासाठी खोळंबला आहेस. गाडी नव्हे, पोर नव्हे, वहिनीही नव्हे. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं की दादा, जाऊ दे, माझ्या मनात काही नाही. मनातल्या मनात म्हटलं असतं तरी चाललं असतं. जिभेवर आलं होतं.

मी म्हटलं नाही.

गुरुजींनी आणखी थोडी वाट पाहिली आणि मग दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. श्रीधरने डोळे पुसले. कधी कधी होतं असं, म्हणाले सगळे, आणि आंघोळीला गेले.

वहिनी म्हणते, तुम्ही आता सुटलात. ती रोज तुझ्या फोटोशी असं बोलते आणि तिला बरं वाटतं. पण दर्भाच्या कावळ्याने तू सुटलेला नाहीस, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. सहा वर्षं तू मला एक शब्द दिला नाहीस, आता माझ्याकडचा शब्द मी देणार नाही. मी दिला की तू जाशील. मग हे भांडण मी कुणाशी करू? वहिनी नंतर आली, पोर लहान आहे, आणि त्या हिरव्या गाडीत नानांशेजारी दाटीने बसलेलं असं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. तेव्हा राहा अडकून. मी माफ करणार नाही, दादा. इथेच राहा.